कॅरॅव्हानच्या स्लाइड-आउट पंपाचा ब्रेकर सारखा ट्रिप होतोय? मोठा बसवण्याआधी हे वाचा

आज जरा वेगळा विषय. फोन नाही, ॲप नाही, पण बॅटरी, केबल आणि करंट हे तिन्ही आहेत, त्यामुळे फार परकं वाटणार नाही.

कॅरॅव्हान म्हणजे राहायची सोय असलेली गाडी. त्यातल्या मोठ्या गाड्यांना ‘स्लाइड-आउट’ असतो. गाडी उभी केली की बाजूच्या भिंतीचा एक अख्खा भाग ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो आणि आतली खोली दोन-तीन फुटांनी रुंद होते. शूटिंगच्या काही मोठ्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. एवढं वजन सरकवायला बऱ्याच ठिकाणी हायड्रॉलिक सिलिंडर असतो, त्याला तेल पुरवणारा छोटा पंप असतो आणि तो पंप फिरवते १२ व्होल्टची डीसी मोटर. टेम्पोच्या मागच्या बाजूला माल चढवायची जी वर-खाली होणारी फळी असते, तिथेही हाच पंप असतो. बाजारात त्याला ‘पॉवर पॅक’ म्हणतात.

बॅटरी आणि या पॉवर पॅकच्या मध्ये एक सर्किट ब्रेकर असतो. तो मध्येच उडाला की खोली अर्धी बाहेर, अर्धी आत. मग पहिला सल्ला ठरलेला असतो: “अरे, ऐंशीचा काढ नि दीडशेचा घाल, कटकटच मिटली.” हा सल्ला कधी बरोबर असतो आणि कधी गाडीला आग लावू शकतो, ते या लेखात बघू.

हा विषय माझ्याकडे आला तो घरातूनच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण गाव जयगड. माझ्या मामेभावाने एका जुन्या मिनीबसवर कॅरॅव्हान करून घेतली आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे होतं. गणपतीपुळे, जयगडचा किल्ला, कऱ्हाटेश्वर आणि मग फेरीने खाडी ओलांडून तवसाळमार्गे गुहागर, असा त्याचा ठरलेला रूट. (जुन्या गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते आणि मोटर कॅरॅव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ते सगळं आधी करून घ्या, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता विचार करा, जयगडच्या जेटीवर गाडी उभी आहे, संध्याकाळची शेवटची फेरी लागलीय आणि स्लाइड चार इंच बाहेर अडकलीय. फेरीवर चढता येत नाही आणि घाटरस्त्याने परतही जाता येत नाही. दादाच्या बाबतीत हे दोनदा झालं. त्याच्या गाडीवर मी घेतलेली मापं पुढे उदाहरण म्हणून वापरली आहेत.

पंप एवढा करंट का खातो?

तुमच्या फोनचा फास्ट चार्जर ६५-६७ वॉटचा असेल. तो व्होल्टेज वाढवून, म्हणजे काही चार्जर २० व्होल्टपर्यंत नेऊन, करंट तीन-साडेतीन अँपिअरवर ठेवतो, म्हणून बारीक केबलवर भागतं. आपल्या पंपाला ही सोय नाही. व्होल्टेज १२ वर अडकलेलं, आणि काम मोठं.

हिशोब सोपा आहे. तेलाचा दाब बारमध्ये आणि प्रवाह लिटर प्रति मिनिट घ्या, दोघांचा गुणाकार करून ६०० ने भागा, की किलोवॉट मिळतात. समजा १५० बार आणि मिनिटाला ३ लिटर: १५० × ३ ÷ ६०० = ०.७५ किलोवॉट. पण ही तेलाला मिळालेली शक्ती झाली. पंप आणि मोटर मिळून बरीच शक्ती उष्णतेत जाते. दोघांची मिळून कार्यक्षमता ५७ टक्के धरली तर बॅटरीतून निघतात साधारण १,३०० वॉट. भागिले १२ केलं की ११० अँपिअरच्या आसपास. गाडीच्या स्टार्टर मोटरनंतर आणि मोठा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यानंतर, कॅरॅव्हानमधला हाच सर्वात मोठा ग्राहक.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या: करंट ठरतो तो दाबावर. खोली सहज सरकत असेल तर दाब कमी, करंट कमी. रबरी सील कोरडं पडलंय, रुळात वाळू गेलीय, गाडी एका बाजूला कललीय, की दाब वाढतो आणि करंटही वाढतो. आणि सगळ्यात जास्त करंट कधी? खोली पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर पोहोचल्यावरही तुम्ही बटण दाबून धरता तेव्हा. सिलिंडरला पुढे जागाच नाही, म्हणून दाब वाढत वाढत रिलीफ व्हॉल्व्हच्या मर्यादेला जातो आणि तेल व्हॉल्व्हमधून टाकीत परत पडत राहतं. मोटर तेव्हा पूर्ण जोर लावत असते आणि काम शून्य होत असतं. बरेच ‘बिघडलेले’ ब्रेकर इथेच उडतात. दादाच्या गाडीत सरकताना ८४ अँपिअर आणि शेवटाला बटण धरून ठेवल्यावर १०८ अँपिअर दिसले. बॉडी बनवणाऱ्या कारागिराने लावलेला ब्रेकर होता ८० चा.

सुरुवातीच्या झटक्याबद्दलही लोक विचारतात. मोटर थांबलेली असते तेव्हा तिच्यात उलटा व्होल्टेज तयार झालेला नसतो, त्यामुळे पहिल्या क्षणी करंटला अडवायला फक्त वायर आणि गुंडाळीचा रोध असतो. तो सगळा मिळून ३० मिलीओहम धरला तर १२.६ ÷ ०.०३ = ४२० अँपिअर! पण हे सेकंदाच्या छोट्या भागापुरतं. या कामाचे ब्रेकर बहुतेक थर्मल असतात, म्हणजे आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकली की संपर्क सुटतो. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून तो झटका ती पचवते. तुमचा ब्रेकर बटण दाबताक्षणी उडत असेल तर मात्र कारण वेगळं: कुठेतरी शॉर्ट आहे, मोटर जाम आहे, किंवा कोणीतरी चुकीच्या प्रकारचा ब्रेकर लावलाय.

व्होल्टेज पडलं की करंट वाढतो का?

यूट्यूबवर हे वाक्य शंभर वेळा ऐकाल: “बॅटरी उतरली की मोटर जास्त करंट ओढते.” इन्व्हर्टरच्या बाबतीत ते खरं आहे, कारण तो ठरलेले वॉट भरून काढायला जास्त करंट घेतो. कायम-चुंबकाच्या डीसी मोटरचं गणित तसं नाही. तिचा करंट तिच्यावरच्या जोरावर ठरतो, आणि तो जोर इथे तेलाच्या दाबाने ठरलेला आहे. व्होल्टेज कमी झालं तर मोटर तेवढाच करंट घेऊन हळू फिरते.

मग उतरलेल्या बॅटरीवर ब्रेकर जास्त का उडतो? कारण खोली सरकायला जास्त वेळ लागतो, आणि थर्मल ब्रेकर करंटसोबत वेळही मोजतो. रेटिंगच्या थोड्याच वर असलेल्या करंटला तो काही मिनिटं सहन करेल, दुप्पट करंटला काही सेकंदं. ब्रेकरच्या डेटाशीटमध्ये याचा एक वक्र आलेख असतो. खरेदी करताना तो आलेख नक्की बघा, फोनवर पीडीएफ उघडायला एक मिनिट लागतं.

शिवाय ब्रेकरचं रेटिंग ठरावीक तापमानाला दिलेलं असतं, बऱ्याच कंपन्या २५ अंश सेल्सिअस धरतात. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीचा बॅटरीचा बंद कप्पा ५५-६० अंशांवर सहज जातो. तिथे पट्टी आधीच अर्धी तापलेली असते, आणि १०० चा ब्रेकर ८० च्या आसपासचा असल्यासारखा वागू शकतो. डिसेंबरात नीट चालणारी गाडी मे महिन्यात त्रास देते त्याचं एक कारण हे.

ब्रेकर कोणाला वाचवतो?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. बहुतेकांना वाटतं ब्रेकर मोटरला वाचवायला असतो. तो असतो वायरला वाचवायला. म्हणून क्रम असा हवा: पंपाचा जास्तीत जास्त चालू करंट सर्वात कमी, त्याच्या वर ब्रेकर, आणि त्याच्याही वर वायरची क्षमता. ब्रेकर वायरच्या वर गेला की वायर हाच तुमचा फ्यूज झाला, आणि तो प्लायवूड आणि फोमच्या मागे जळणार.

आकड्यात बघू. दादाच्या गाडीत बॅटरीपासून पंपापर्यंत १० स्क्वेअरची, म्हणजे १० चौरस मिलिमीटर तांब्याची केबल होती. लवचीक तांब्याच्या या केबलचा रोध किलोमीटरला १.९१ ओहम. ११० अँपिअर वाहिले की दर मीटरला २३ वॉट उष्णता. फोमच्या मागे, इतर वायरींच्या जुडग्यात, मीटरामागे एक तेवीस वॉटचा हीटर. आता कोणी दीडशेचा ब्रेकर बसवला आणि केबल कुठे घासून अर्धवट शॉर्ट झाली, करंट १४० वर रेंगाळला, तर हाच आकडा ३७ वॉटवर जातो आणि ब्रेकरला त्यात काहीच वावगं दिसत नाही. तो उडणारच नाही.

तीच केबल २५ स्क्वेअरची असेल तर ११० अँपिअरला मीटरमागे ९.४ वॉट, ३५ ची असेल तर ६.७. केबल किती करंट झेपवते याचा तक्ता बनवणारी कंपनी देते, आणि त्यात ‘उघड्या हवेत’ आणि ‘पाइपमध्ये’ असे वेगळे आकडे असतात, कमी असलेला धरा. पण १२ व्होल्टच्या कामात बहुतेक वेळा केबलची जाडी तापण्यापेक्षा व्होल्टेज किती पडतंय यावरच ठरते. बॅटरी ते पंप ५ मीटर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर होतात. ११० अँपिअरला १६ स्क्वेअरवर १.३३ व्होल्ट पडतात, २५ वर ०.८६, ३५ वर ०.६१ आणि ५० वर ०.४२. बारापैकी सव्वा व्होल्ट वाटेतच गेला तर पंप सुस्त होणार यात नवल नाही.

आधी मोजा

ब्रेकर विकत घेण्याआधी दोन मोजमापं घ्या. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागेल. ‘डीसी मोजणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घरगुती वायरमनकडे असतात त्यातले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, ते इथे शून्य दाखवतील. आकडे भरभर बदलतात, म्हणून मी मीटरच्या स्क्रीनचा फोनवर व्हिडिओ घेतो आणि नंतर फ्रेम-फ्रेम करून बघतो. स्क्रीन जेवढ्या वेळाने आकडा बदलते त्यापेक्षा बारीक काही दिसणार नाही, पण चालू करंट आणि शेवटचा करंट छान कळतो.

दुसरं मोजमाप जास्त उपयोगाचं आणि जवळजवळ कोणी करत नाही. एकाला बटण दाबायला लावा, आणि पंप चालू असताना मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना लावा: बॅटरीच्या प्लसपासून ब्रेकरपर्यंत, ब्रेकरच्या दोन बोल्टवर, कॉन्टॅक्टरच्या दोन बोल्टवर, पंपाच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. जिथे आकडा दिसेल तिथे तेवढे व्होल्ट वाया जातायत. रोध थेट ओहमवर मोजू नका, साधा मीटर मिलीओहम पकडतच नाही.

दादाच्या गाडीत बॅटरीवर १२.३ व्होल्ट आणि पंपावर ९.६. गायब झालेले २.७ व्होल्ट असे सापडले: केबलवर ०.८, कॉन्टॅक्टरवर ०.३, ब्रेकरच्या बोल्टवर ०.५, आणि चेसिसला केलेल्या अर्थिंगच्या एका जोडावर १.१ व्होल्ट. ८४ अँपिअरला त्या एका जोडावर ९२ वॉट उष्णता तयार होत होती. सोल्डरिंग आयर्न साठ वॉटचा असतो, त्यावरून अंदाज करा.

पण ब्रेकर उडण्याचं खरं उत्तर त्या ०.५ मध्ये आहे. ब्रेकरच्या बोल्टखालचे लग गंजले होते आणि त्यावर ४२ वॉट जळत होते. ती उष्णता बोल्टमधून सरळ आत, त्याच दोन धातूंच्या पट्टीपर्यंत जाते. ब्रेकरला काय कळणार उष्णता करंटची की गंजाची? तो उडतो. अशा वेळी नवा मोठा ब्रेकर त्याच गंजलेल्या लगवर बसवला तर काही दिवस सुटका होते, मग त्याचंही प्लॅस्टिक वितळतं.

जयगडसारख्या ठिकाणी हे होणारच. गाडी रात्रभर खाडीच्या तोंडाशी उभी, वाऱ्याबरोबर मीठ आणि चार महिने पावसाची दमट हवा. तांब्यावर हिरवट थर चढतो, लगच्या आत केबलच्या तारांपर्यंत शिरतो, बाहेरून इन्सुलेशन चकाचक दिसतं. म्हणून बोटींवर कथील चढवलेल्या तांब्याची केबल वापरतात. किनाऱ्यावर फिरणाऱ्या कॅरॅव्हानला मी तीच सुचवेन. महाग आहे, पण दहा मीटरच लागते. लग हातोडीने ठोकून बसवलेले चालत नाहीत, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा.

मग ब्रेकर मोठा करायचा की नाही?

आमच्याकडे आधी केबल बदलली: प्लस आणि मायनस दोन्ही ३५ स्क्वेअर, चेसिसवरचा भरवसा सोडून मायनस थेट बॅटरीपर्यंत. पंपावर आता ११.६ व्होल्ट मिळतात. करंट तेवढाच, ८४. पण खोली बाहेर यायला ३४ सेकंद लागत होते तिथे २७ लागतात. जुनाच ८० चा ब्रेकर स्वच्छ लगवर एका फेरीला टिकला. लागोपाठ आत-बाहेर केलं की मात्र उडायचा, आणि शेवटाला बटण धरलं तरी उडायचा. हे अपेक्षितच आहे, ८४ आणि १०८ च्या कामाला ८० चा ब्रेकर मुळातच लहान होता. म्हणजे इथे मोठा ब्रेकर हवा होता, पण केबल बदलल्यानंतरच.

१०८ च्या वर मिळणारा पुढचा आकडा १२० चा होता, तो घेतला. ३५ स्क्वेअर केबलच्या कंपनीच्या तक्त्यात १२० बसतो, म्हणून. तक्त्यात बसत नसता तर केबल आणखी जाड घेतली असती. दीडशेचा मिळत होता, तरी घेतला नाही: गरज १०८ ची असताना जास्तीची मोकळीक देऊन फक्त शॉर्टच्या वेळी वायर जास्त वेळ तापणार. पंपाच्या कंपनीने ब्रेकरचं रेटिंग लिहून दिलं असेल तर अर्थात ते आधी. आणि करंट कमी करायला रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवू नका. त्याने दाब बिघडतो आणि खोली अर्ध्यावर थांबते.

मोठा ब्रेकर लावल्यावर एक गोष्ट बदलते. आधी लहान ब्रेकर नकळत मोटरलाही वाचवत होता. आता मोटर जाम झाली आणि कोणी बटण धरून राहिलं तर ती जास्त वेळ तापेल. या मोटरी सलग चालायला बनलेल्याच नसतात. प्लेटवर किती वेळ चालवायची आणि किती विश्रांती द्यायची ते दिलेलं असतं. काही मोटरींमध्ये स्वतःचा थर्मल स्विच असतो. नसेल तर बटणाच्या वायरमध्ये एक टायमर रिले टाकता येतो, आम्ही ४५ सेकंदांचा टाकला. हा सगळा खेळ कॉन्टॅक्टरच्या बारीक वायरवर होतो, जाड केबलला हात लावावा लागत नाही.

कोणता ब्रेकर घ्यायचा

अमेरिकेच्या एसएई संस्थेच्या जे-५५३ या मानकात गाड्यांच्या ब्रेकरचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार थंड झाला की आपोआप परत जोडतो. दुसरा वीज असेपर्यंत तुटलेलाच राहतो, वीज काढल्यावर जोडतो. तिसरा हाताने बटण किंवा दांडा दाबल्याशिवाय जोडत नाही. स्लाइड-आउटला तिसराच लावा. पहिला प्रकार शॉर्ट असलेल्या वायरला दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा करंट देत राहतो. शिवाय कॉन्टॅक्टर चिकटलेला असेल तर सगळे बाजूला झाल्यावर खोली स्वतःहून सरकायला लागेल, आणि मध्ये कोणाचा हात असेल.

घरातला एमसीबी लावू का, हा प्रश्न हमखास येतो. डीसीमध्ये ठिणगी विझायला अवघड असते हे खरं; एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, डीसी कधीच जात नाही. पण १२ व्होल्टला ठिणगी फार तग धरत नाही, ४८ व्होल्टच्या सोलर बॅटरीवर मात्र हाच मुद्दा जिवावर बेततो. १२ व्होल्टला माझा आक्षेप दुसरा आहे. घरगुती एमसीबी ६३ अँपिअरपर्यंत सहज मिळतो, त्याच्या टर्मिनलमध्ये ३५ स्क्वेअरची केबल नीट बसत नाही, तो खाचखळग्यांसाठी आणि खाऱ्या हवेसाठी बनलेला नाही, आणि त्यातला चुंबकी भाग मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याला उडू शकतो. दोन एमसीबी समांतर जोडून १२६ करायची आयडिया तर अजिबात नको. दोघांत करंट सारखा वाटला जाण्याची खात्री नसते.

ऑनलाइन मिळणारे तीन-चारशे रुपयांचे ‘कार ऑडिओ ब्रेकर’ मी घेणार नाही. माझी कसोटी साधी आहे: डेटाशीट आहे का, त्यात वेळेचा आलेख आहे का, आणि तोडण्याची क्षमता लिहिली आहे का? तिसरा आकडा म्हणजे शॉर्टच्या वेळी ब्रेकर किती करंट सुरक्षित तोडू शकतो. १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीचा अंतर्गत रोध ५ मिलीओहम धरला तर तिच्या तोंडाशी झालेला शॉर्ट अडीच हजार अँपिअरचा असतो. लिथियम फॉस्फेट बॅटरीत तो आणखी जास्त होऊ शकतो. ज्या ब्रेकरवर हा आकडाच नाही त्याचे संपर्क अशा वेळी एकमेकांना वेल्ड होऊन बसतील. लिथियम बॅटरी असेल तर तिच्या तोंडाशी क्लास-टी फ्यूज लावा, तो २०,००० अँपिअर तोडू शकतो, आणि रोजच्या कामाला पुढे ब्रेकर.

लिथियमवाल्यांसाठी अजून एक. बॅटरीच्या आत बीएमएस असतं, तुमच्या फोनच्या बॅटरीत असतं त्याचाच मोठा भाऊ. १०० अँपिअर-तासाच्या बऱ्याच बॅटऱ्यांचं बीएमएस १०० अँपिअरलाच मर्यादा घालतं. मग १२० चा ब्रेकर लावून उपयोग काय? ब्रेकरऐवजी बीएमएस तोडेल, आणि पंपासोबत गाडीतले दिवे, फ्रिज सगळंच बंद पडेल. बॅटरीच्या कागदावर सलग किती आणि क्षणिक किती हे दोन्ही आकडे बघा.

बसवताना

स्लाइड पूर्ण आत घ्या. सगळ्या टर्मिनलचे फोनवर फोटो काढा, दोन बाजूंनी. अंगठी, कडं, मेटलच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. आधी बॅटरीचा मायनस सोडा, जोडताना तो सर्वात शेवटी. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना प्लसवरून चेसिसला टेकला तर तो लाल होतो. काही ब्रेकरच्या एका बोल्टवर ‘बॅट’ आणि दुसऱ्यावर ‘ऑक्स’ लिहिलेलं असतं, ती बाजू उलटी करू नका. बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच कसा. लगच्या खाली वॉशर टाकू नका, तांबं थेट ब्रेकरच्या धातूवर बसलं पाहिजे आणि वॉशर वरून.

ब्रेकर बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी आणि ब्रेकरमधला तुकडा कोणीच राखत नाही. अमेरिकन बोटींच्या नियमात मूळ मर्यादा सात इंचांची आहे, संरक्षक नळीतून थेट बॅटरीवरून नेलेल्या केबलला सवलत मिळते. लेड-ॲसिड बॅटरीच्या अगदी वर मात्र नको, तिथे चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन असतो आणि ब्रेकर तुटताना ठिणगी पडते. कप्प्याच्या बाहेरच्या बाजूला, पाणी उडणार नाही आणि हात पोहोचेल अशा जागी बसवा. आयपी-६७ लिहिलेला घेतला तर पावसाळ्यात बरं.

झाल्यावर तेच मोजमाप पुन्हा करा. आमच्या ब्रेकरच्या बोल्टवर आता ०.१ व्होल्ट दिसतो. तीन वेळा आत-बाहेर करून लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका नको.

एवढं करूनही कधीतरी काहीतरी अडेल, म्हणून हाताने आत घ्यायची पद्धत आजच शिकून ठेवा. कुठल्या पॉवर पॅकवर मोटर ड्रिल मशीनने फिरवायची सोय असते, कुठे व्हॉल्व्ह मोकळा करून खोली ढकलतात. दादाच्या पॅकवर ड्रिलची सोय आहे, आणि त्याचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बॅटरीच्या कप्प्यात ठेवलंय. ब्रेकरच्या शेजारी मार्करने लिहिलंय: १२० अँपिअर, केबल ३५ स्क्वेअर, बसवल्याची तारीख, सरकताना ८४, शेवटाला १०८. पुढच्या वेळी कुठल्याही गावातला इलेक्ट्रिशियन कप्पा उघडेल तेव्हा त्याला मीटर लावल्या लावल्या कळेल की आकडा कुठे सरकलाय.